आडनाव अंडरवुड, राहणार मोहटोला

सरकारी जीपची बॅटरी जुनी झाली की किस्से आपोआप जमतात. ती धक्क्याशिवाय सुरू होत नाही, धक्क्याला चार माणसं लागतात, आणि चार माणसं एकत्र वाकली की त्यातला एक तरी काहीतरी सांगतोच. धानोऱ्याकडच्या जंगलखात्याच्या एका रेंज ऑफिसात मी, शेख सलीम, अशा जीपचा ड्रायव्हर. साहेब येतात, बदली होऊन जातात. किस्से इथंच राहतात, आणि त्यातले निम्मे एकाच माणसाचे आहेत.

तो म्हणजे आमचा वनमजूर. नाव लालसू, आडनाव अंडरवुड.

हसा, हसून घ्या राजेहो. मीही हसतच सांगायचो. आताशा शेवटाजवळ आलो की नीट सांगता येत नाही, एवढंच.

*

एकदा साताऱ्याकडचे नवे साहेब आले. पहिल्याच दिवशी हजेरी पाहताना त्यांचं बोट एका नावावर थांबलं.

"हे अंडरवुड कोण?"

ऑफिसचे हेडक्लार्क बडे बाबू पान लावत होते. म्हणाले, "जंगलात गेले आहेत साहेब. दुपारपर्यंत येतील."

बाबूंनी 'गेले आहेत' असं आदरानं म्हटलं, तिथंच घोळ झाला. साहेबांनी आत जाऊन भांग पाडला. समोरची खुर्ची पुसून घेतली. कपबशीतला चहा सांगितला, नाहीतर आमच्याकडे सगळ्यांना काचेचा ग्लास. दुपारी लालसू आला. उन्हाळ्याचे दिवस, वणवा पसरू नये म्हणून पालापाचोळा जाळत पट्टा साफ करायचं काम चालू होतं. खांद्यावर कुऱ्हाड, तोंड काजळीनं काळं. दारात उभा राहून म्हणाला, "बलावलं का जी?"

साहेबांनी त्याच्या खांद्यावरून मागं पाहिलं. "साहेब कुठं आहेत?"

लालसूनंही वळून मागं पाहिलं. मग फार समजुतीनं म्हणाला, "साहेब तं तुमीच आहा ना."

कपातला चहा शेवटी त्यालाच दिला. त्यानं तो उकिडवं बसून, बशीत ओतून प्यायला.

*

तर हे आडनाव आलं कुठून? आमच्या ऑफिसापासून आत, नाला ओलांडला की मोहटोला लागतं. गोंडांचं गाव. त्या गावची रीत अशी की लेकरू जन्मलं त्या दिवशी बाहेरून गावात जो कोणी येईल, त्याचं नाव लेकराला. माणूस येवो नाहीतर वस्तू येवो. लालसूच्या काकाचं नाव तलाठी. चुलतभावाचं नाव रेडिओ, आणि तो फार कमी बोलतो. विजेचे खांब आले त्या दिवशी जन्मली ती बिजली. लाईट पुढच्या पावसात गेली ती अजून यायचीच आहे, बिजली मात्र लेकराबाळांत सुखी आहे. आणि दिवसभरात कोणीच आलं नाही, तर वाराचं नाव: सोमारू, मंगरू, बुधू. पण त्यात मजा नाही असं गावाचं मत. ज्याच्यासाठी कोणी आलं नाही, ते लेकरू थोडं दुर्दैवी समजतात.

लालसूचा आजा जन्मला त्या दिवशी एक इंग्रज जंगलसाहेब लवाजमा घेऊन गावाबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली उतरला. तंबू ठोकले, चहा प्यायला, झाडं मोजली आणि दुसऱ्या दिवशी निघून गेला. एक लेकरू आपलं नाव घेऊन मागं राहिलंय, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

त्या आजानंच लालसूला वाढवलं, कारण बाप लवकर गेला. घराण्याचं नाव उसेंडी, पण ते गावात सगळ्यांना ठाऊक, बोलायची गरज काय? शाळेत गुरुजींनी विचारलं, "कोणाचा रे तू?" लालसू म्हणाला, "अंडरवुडचा." गुरुजींनी तेच आडनाव लावलं.

"चूक गुरुजीची नाई," लालसू म्हणायचा. "त्यायनं इचारलं कोणाचा. मी बरोबर सांगतलं."

*

उच्चाराचं तर विचारूच नका. लालसूची आजी नवऱ्याला म्हणायची 'अंद्रूड', तेही कोणी ऐकत नसताना. बडे बाबूंचा 'अंडरऊड'. सिरोंच्याकडचा एक वनरक्षक होता, तेलुगू बोलणारा, तो शेवटी हेल काढून 'अंडरवुडू' म्हणायचा. मुलचेऱ्याचे बंगाली डॉक्टर गोळ्या देताना 'ओन्डारूडबाबू' म्हणायचे, ते ऐकायला सगळ्यात गोड. लालसू सगळ्यांना ओ द्यायचा. नाव हाकेपुरतं असतं, हाक कळली की झालं, असा त्याचा सरळ हिशेब.

फक्त एका हाकेला त्यानं कधी ओ दिली नाही. बाजारातले पोट्टे त्याला 'अंडरवेअर' म्हणायचे. मी एकदा जीप थांबवून त्यांना चांगलं झाडलं. लालसू म्हणाला, "चाल ना सलीमभाऊ, तुले काऊन राग येऊन राह्यला? ते माहं नाव थोडंच आहे."

पण त्याची पोरगी जैनी आश्रमशाळेत होती, आणि तिथंही पोरींना तेच सुचलं. ती सुट्टीत घरी आली आणि पुन्हा जायला तयार होईना. लालसूनं तिला आजाच्या गोष्टी सांगून सांगून परत धाडलं.

*

एकदा पिंजरा आणायला आम्ही दोघं चिमूरला निघालो. गावात घुसणाऱ्या बिबट्यासाठी हवा होता. बडे बाबूंनी तिथल्या विश्रामगृहात फोन केला, "उद्या अंडरवुड येत आहेत, सोबत ड्रायव्हर आहे, एक खोली ठेवा." बाबूंच्या मनात काही नव्हतं. पण त्या चौकीदारानं आयुष्यभर साहेबांची सरबराई केलेली, त्यानं जे ऐकायचं ते ऐकलं.

आम्ही पोचलो तर मोठी खोली उघडलेली, इस्त्रीची चादर, मच्छरदाणी, टेबलावर फुलं. आतून कोंबडीचा वास. चौकीदार नवा फेटा बांधून उभा. त्यानं मला विचारलं, "साहेब मागच्या गाडीत आहेत का?"

मी लालसूकडं बोट केलं. चौकीदाराचा चेहरा पाहवत नव्हता. पण माणूस खानदानी. म्हणाला, "शिजवलं आहे, आता बसा." कोंबडी झाली, वर कस्टर्ड झालं. लालसूनं कस्टर्ड आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं आणि विचारलं, "याले चावाचं नसते का?"

सकाळी पाहिलं तर हा पलंगाशेजारी जमिनीवर झोपलेला आणि मच्छरदाणी पलंगावर तशीच खोचलेली. मी म्हटलं, "काऊन बे, वर काऊन नाई झोपला?"

"ते त्या साहेबाचं आहे," तो म्हणाला. "आपण नाव घेतलं तेवढं बस झालं."

*

अर्थ सांगितला साताऱ्याच्या साहेबांच्या बाईंनी. त्या लग्नाआधी कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. लालसू बंगल्यावर लाकडं फोडायला गेला होता, तेव्हा त्यांनी त्याला ओसरीवर बसवून सांगितलं, की अंडर म्हणजे खाली, वुड म्हणजे रान. जुन्या काळी तिकडं रानाच्या कडेला, झाडांच्या सावलीत ज्यांची घरं होती, त्यांचं हे आडनाव पडलं.

लालसू कुऱ्हाड बाजूला ठेवून विचार करत बसला. मग म्हणाला, "मंग हे तं आमच्या सगळ्या गावाचंच आडनाव झालं, बाई."

बाई हसल्या. त्यानं अजून थोडा विचार केला.

"तो साहेब आपल्या झाडाखालचा माणूस होता, तं आमच्या झाडाखाली काऊन आलता?"

बाईंनी त्याला आणखी चहा दिला. दुसरं काय देणार?

संध्याकाळी मी त्याला गावात सोडलं. तो घरी न जाता आधी गावाबाहेर गेला, जिथं त्यांच्या मेलेल्या माणसांचे दगड उभे करतात. आजाच्या दगडाशी बसून त्यानं सगळं सांगितलं, मोठ्यानं, जसं बहिऱ्या म्हाताऱ्याला सांगतात तसं. परत आला तेव्हा डोळे पुसत होता. म्हणाला, "जिता होता तवा कोणी नाई सांगतलं त्याले. बम खुश झाला असता."

*

जैनी शिकली. बारावी झाली, चंद्रपूरला नर्सिंगला नंबर लागला. आता जात पडताळणीचा कागद हवा. लालसूनं आयुष्यात असं मोठं ऑफिस पाहिलेलं नाही, म्हणून मी सुट्टी टाकून सोबत गेलो.

तिथल्या साहेबांनी रीतीनं सगळं विचारलं. तुमचे देव किती, लग्नात काय करता, माणूस गेल्यावर काय करता. लालसूनं सगळं सांगितलं, एका जागी अडखळला नाही. मग ते म्हणाले, "सगळं ठीक आहे हो. पण हे अंडरवुड कसं? ख्रिश्चन झालात का?"

लालसूनं गावची रीत सांगितली. तो मोहाखालचा तंबू, आजाचा जन्म, रेडिओ, बिजली, सगळं. साहेब वाईट नव्हते. ते फक्त हसले. मनापासून हसले, शेजारच्या टेबलावरच्यांनाही बोलावून ऐकवलं. मग म्हणाले, "कथा छान आहे. पण अशी रीत कुठं ऐकली नाही मी. असं करा, तुमच्या चुलत्याचं आडनाव उसेंडी आहे ना? तुम्हीही तेच करून घ्या. पोरीचं वर्ष वाया जाईल नाहीतर."

वर्ष वाया घालवून कसं चालेल? लालसूनं आडनाव बदललं. पोरीचं काम झालं. परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता, जैनी पुढच्या सीटवर खिडकीशी.

"आजाले घरातून काढलं मी, सलीमभाऊ," तो म्हणाला. "ज्यानं खांद्यावर बसवून वाढवलं त्याले."

मी म्हटलं, "पोरीसाठी केलं ना."

"हो. पण काढलं ना."

जैनीनं ऐकलं असणार. ती धानोरा येईपर्यंत मागं वळली नाही.

पुढच्या महिन्यात बडे बाबूंनी हजेरी घेतली. "लालसू उसेंडी." कोणी बोलेना. बाबूंनी पुन्हा पुकारलं. लालसू भिंतीला टेकून बसला होता, आणि हा नवीन माणूस कोण भरती झाला म्हणून आमच्यासारखाच इकडंतिकडं पाहत होता. कोणालाच हसू आलं नाही.

*

आता शेवटचं. गेल्या साली घडलं.

जैनी नर्स झाली, लग्न झालं, पहिल्या बाळंतपणाला मोहटोल्याला माहेरी आली. लालसू तेव्हा रिटायर झालेला. त्याच सुमाराला ऑफिसात निरोप आला की विलायतेहून एक बाई येत आहे. तिचे पणजोबा इकडं जंगलसाहेब होते, त्यांचे तंबू जिथं पडायचे त्या जागा तिला पाहायच्या आहेत. बाईचं आडनाव अंडरवुड.

मी जीप काढली आणि लालसूला जाऊन सांगितलं. तो खाटेवरून उठून उभाच राहिला. तेव्हा आतून जैनी म्हणाली, "बाबा, आडनावात नको. नावात ठेवू. नावाले कोणी नाई अडवत." मग हळू म्हणाली, "माह्यासाठीच पुसलं ना त्याले."

म्हणजे बेत असा की बाळाचा आणि बाईचा दिवस एक पडला, तर आजा घरात परत येईल. रीतीनं येईल, कोणाला विचारायचं काम नाही. फक्त त्या दिवशी बाईचे पाय मोहटोल्यात पडले पाहिजेत.

आणि बघा, बाई येणार त्या दिवशी सकाळीच लालसू सायकल मारत ऑफिसात हजर. धापा टाकत म्हणाला, "जैनीचं पोट दुखून राह्यलं. ॲम्ब्युलन्सले फोन केला, ते दुसऱ्या केसवर गेली म्हणते, येईन. सलीमभाऊ, बाई कधी येते?" त्यानं धुतलेला सदरा घातला होता. इतका खुश मी त्याला पोरीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

साहेब गडचिरोलीला मीटिंगला गेलेले, बाईला सगळं दाखवायचं माझ्यावर सोपवून. दहाच्या सुमाराला गाडी आली. बाई पांढऱ्या केसांची, सुती टोपी, साधी. सोबत नागपूरचा गाईड, गळ्यात दुर्बीण. बाईनं हात पुढं केला आणि आपलं नाव सांगितलं. आम्ही आयुष्यभर ते आडनाव तोंड भरून म्हटलं होतं. ती इतकं हलकं म्हणाली, की मधलं अर्धं ओठांतच राहिलं. लालसूनं ते पुटपुटून पाहिलं. "असं म्हणाचं होय," तो मला म्हणाला.

मग तो पुढं झाला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी बी अंडरवुड. म्हणजे होतो."

बाईचं हसू थांबलं. तिनं गाईडकडं पाहिलं. लालसू घाईघाईनं सगळं सांगायला लागला, आजा, मोह, तंबू, अर्धं मराठी, अर्धं गोंडी. गाईडनं त्यातलं किती घेतलं देव जाणे. त्यानं इंग्रजीत जे सांगितलं ते मला एवढं कळलं, की हा म्हातारा तुमच्या घराण्याशी नातं सांगतोय.

बाई लालसूचं तोंड निरखून पाहायला लागली. नाक, डोळे, हनुवटी. तिला काय वाटलं ते तुम्हाला कळलं ना? मला कळलं, आणि माझे कान गरम झाले. मी मध्ये पडलो. "नो मॅडम, नो ब्लड. ओन्ली नेम. साहेब कम, बेबी कम." माझं इंग्रजी जीपच्या पार्टांपुरतं, ते तिथं संपलं. आणि जे बोललो त्यानं प्रकरण जास्तच बिघडलं असणार, कारण बाई लालेलाल झाली.

"गावात चला म्हणा," लालसू सांगत होता. "नुसतं पाय लावून जा म्हणा. काही नाई पाह्यजे आमाले."

बाई गाईडशी बाजूला जाऊन बोलली. परत आली, लालसूचा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्याला चॉकलेटचा डबा दिला. वाईट बाई नव्हती हो. घाबरली होती. गाईड म्हणाला, "मॅडमला बरं वाटत नाही. आम्ही परत निघतो." गाडी वळली आणि गडचिरोलीच्या रस्त्याला लागली. लालसू डबा धरून धुळीत उभा होता.

तेवढ्यात त्याला पोरीची आठवण झाली, आणि मलाही. ॲम्ब्युलन्सचा पत्ता नव्हता. साहेबांना विचारायला वेळ कुठला, मी जीप काढली. दवाखान्यात न्यायचं म्हणून निघालो. वाटेत तो एकच वाक्य बोलला, "मंगरू ठेवा लागन आता." मंगळवार होता.

नाला ओलांडून गावात शिरलो तर घरासमोर बाया जमलेल्या. जैनी मोकळी झाली होती, मुलगा, दोघंही ठीक. म्हातारी सुईण बाहेर आली. तिनं लालसूकडं पाहिलं, मग जीपच्या मागच्या सीटकडं.

"बाई कुठी आहे?"

लालसूनं मान हलवली. म्हातारी थोडा वेळ रस्त्याकडं पाहत राहिली. मग तिची नजर माझ्यावर आली आणि थांबली. बाकीच्या बायाही पाहायला लागल्या. लालसूनंही पाहिलं.

मी म्हटलं, "नाई नाई. मी बाहेरचा थोडीच आहो? मी तं नेहमीचाच."

"मोहटोल्यातला आहे का तू?" म्हातारीनं विचारलं.

मी लालसूचा हात धरून त्याला बाजूला घेतलं. "लालसूभाऊ, हात जोडतो तुले. मंगरू ठेव. जे तुह्या पोरीनं भोगलं ते या लेकराले नको. मोठा झाला की हा बी त्याच ऑफिसात जाईन. नाव सलीम, जातीचा गोंड. कसा काय म्हणून इचारतीन ते. काय सांगशीन मंग?"

लालसूनं चॉकलेटचा डबा माझ्या हातात दिला आणि बाळाला घ्यायला आत वळला.

"जे झालं ते सांगन," तो म्हणाला. "बाई आली नाई. सलीम आला."